कर्नल बिल्ड करताना लिंकर भलतीकडे बोट दाखवतो तेव्हा

कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला स्वतःचा छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहायचा प्रोजेक्ट घेणारी मुलं असतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांसाठी कंट्रोलर बनवताना बोर्डवर लिनक्स कर्नल बसवणारेही असतात. माझ्याकडे दोघांची तक्रार एकच येते. सगळ्या फाइली कंपाइल होतात, अगदी शेवटच्या पायरीला, त्या एकत्र जोडताना, लिंकर अडतो आणि तो जी जागा दाखवतो तिथं काहीच चूक सापडत नाही. हे दुखणं इतक्यांदा निस्तरलंय की तपासण्याचा एक क्रम ठरून गेला आहे. तोच इथं देतो. एररचे संदेश आणि कमांड उच्चारानुसार देवनागरीत लिहिले आहेत, ते पडद्यावरच्या ओळींशी ताडून पाहा.

लक्षणं

- जे फंक्शन तुम्ही कुठं लिहिलंही नाही आणि बोलावलंही नाही, त्याबद्दल 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. उदाहरणार्थ मेमसीपीवाय, मेमसेट, स्टॅक-चेक-फेल, यूडिव्हडीआय३, ग्लोबल-ऑफसेट-टेबल.
- जे फंक्शन डोळ्यांसमोर लिहिलेलं आहे, तेच 'अनडिफाइन्ड'.
- 'मल्टिपल डेफिनिशन', आणि 'फर्स्ट डिफाइन्ड हिअर'च्या पुढे पुन्हा त्याच फाइलचं नाव.
- 'रिलोकेशन ट्रंकेटेड टु फिट', किंवा 'रिकंपाइल विथ एफ-पीआयई' असा सल्ला.
- 'फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइज्ड, ट्रीटिंग अ‍ॅज लिंकर स्क्रिप्ट' आणि लगेच खाली 'सिंटॅक्स एरर'.
- कोडला हात लावलेला नाही, तरी काल होणारा बिल्ड आज होत नाही.

लिंकरचं कुठलं म्हणणं खरं मानायचं

लिंकरला सी भाषा कळत नाही. त्याच्या हातात येतात त्या फक्त ऑब्जेक्ट फाइली, म्हणजे सोर्स कंपाइल होऊन बनलेल्या डॉट-ओ फाइली. त्यांच्यात नावं, सेक्शन, पत्ते आणि 'इथं अमुक नावाचा पत्ता भरा' अशा नोंदी असतात. चूक मेकफाइलमध्ये असो, कंपायलरच्या फ्लॅगमध्ये असो की हेडरमध्ये, त्याला ती एकाच रूपात दिसते: नाव सापडलं नाही, दोनदा सापडलं किंवा पत्ता मावला नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत कास्टिंगमधला ब्लोहोल लेथवर चढवल्यावर दिसतो, पण तो धरलेला असतो साच्यात. तसंच हे आहे.

म्हणून एररच्या ओळीतल्या दोन गोष्टी पक्क्या धरा: सिम्बॉलचं, म्हणजे फंक्शन किंवा व्हेरिएबलचं नाव आणि डॉट-ओ फाइलचं नाव. 'इन फंक्शन अमुक' हा भाग मात्र लिंकर जवळच्या सिम्बॉलवरून किंवा डिबग माहितीवरून काढतो. इनलाइन झालेल्या किंवा स्टॅटिक फंक्शनच्या बाबतीत तो चुकू शकतो. आणि 'असं रिकंपाइल करा' हा सल्ला साध्या प्रोग्रॅमसाठी लिहिलेला असतो, कर्नलसाठी नव्हे.

१. पहिला एरर गाठा

याला ना पैसा लागतो ना वेळ. 'कलेक्ट२: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस' ही शेवटची ओळ काहीच सांगत नाही, तरी मदत मागताना बहुतेक जण तीच पाठवतात. बिल्डची कामं चालवणारा मेक हा प्रोग्रॅम समांतर चालवला असेल तर अनेक कामांचं आउटपुट एकमेकांत मिसळतं आणि खरा एरर शेकडो ओळी वर राहतो. मेक एकाच कामावर चालवा, आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि वरून वाचत या. 'वॉर्निंग'ही वाचा. 'कॅनॉट फाइंड एंट्री सिम्बॉल स्टार्ट, डिफॉल्टिंग टु...' हा म्हणायला इशारा आहे, पण त्यामुळे तुमचा कर्नल भलत्याच पत्त्यावरून सुरू होईल. त्याला एररच समजा.

उलट लिंकर ज्या संचात येतो त्या बिनयुटिल्सच्या २.३९ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ नंतर, 'मिसिंग नोट-ग्नू-स्टॅक' आणि 'लोड सेगमेंट विथ आरडब्ल्यूएक्स परमिशन्स' असे नवे इशारे दिसू लागले. नवी मुलं त्यांनाच घाबरतात आणि मूळ एरर बाजूला पडतो. बिल्ड अडायचं कारण बहुधा ते नसतात. त्यांची दुरुस्ती नंतर करता येते.

२. डिस्क, मेमरी आणि अर्धवट फाइली

'एलडी टर्मिनेटेड विथ सिग्नल ९, किल्ड' असं दिसलं तर कोडकडे बघूही नका. मेमरी संपली म्हणून कर्नलनेच लिंकरला मारलं आहे. डीमेसेज या कमांडने कर्नलचे संदेश बघा, त्यात 'आउट ऑफ मेमरी' सापडेल. डिबग माहितीसकट लिनक्स कर्नल लिंक करताना कमी रॅमच्या लॅपटॉपवर हे हमखास होतं. समांतर कामं कमी करा, स्वॅप वाढवा, गरज नसेल तर कॉन्फिगमधून डिबग माहिती काढा. 'फायनल लिंक फेल्ड' सोबत 'नो स्पेस लेफ्ट' असेल, तर उत्तर त्या ओळीतच आहे.

पावसाळ्यात आपल्याकडे एक जास्तीचं कारण असतं. बिल्ड मध्यावर असताना वीज जाते, लॅबमधल्या डेस्कटॉपला यूपीएस नसतो आणि एखादी डॉट-ओ फाइल शून्य बाइटची किंवा अर्धवट राहते. मेक फक्त फाइलची वेळ बघतो. ती सोर्सपेक्षा नवी आहे, म्हणजे काम झालं, असं तो धरतो आणि ती फाइल पुन्हा कंपाइल करत नाही. मग लिंकरला तिचा फॉरमॅट ओळखता येत नाही. न ओळखलेली फाइल लिंक स्क्रिप्ट (कुठला भाग कुठल्या पत्त्यावर बसवायचा हे लिंकरला सांगणारी फाइल) म्हणून वाचून बघायची त्याची रीत आहे, म्हणून बायनरी फाइलमध्ये 'सिंटॅक्स एरर' निघतो. हा एरर दिसला की आपली लिंक स्क्रिप्ट तपासत बसू नका, त्या डॉट-ओ फाइलचा आकार बघा.

३. घड्याळ आणि पेन ड्राइव्ह

विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या मशीनवर ही तपासणी टाळू नका. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतो, लिनक्स तेच घड्याळ यूटीसी समजून वाचतो. इंटरनेटवरून वेळ दुरुस्त होईपर्यंत लिनक्स साडेपाच तास पुढे चालतो. त्या काळात बनलेल्या डॉट-ओ फाइली 'भविष्यातल्या' ठरतात. घड्याळ जागेवर आल्यावर तुम्ही हेडर सुधारलं, तरी मेकला जुनी डॉट-ओ फाइलच नवी वाटते. 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' असा इशारा आणि १९,८०० च्या आसपास सेकंदांचा आकडा दिसला तर कारण हेच. टाइमडेटसीटीएल वापरून लिनक्सला स्थानिक वेळ मानायला सांगा किंवा विंडोजला यूटीसी मानायला लावा, मग मेक क्लीन.

प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवरून नेला असेल तर आणखी एक. फॅट फाइल सिस्टिममध्ये बदलाची वेळ २ सेकंदांच्या टप्प्याने नोंदली जाते आणि नावातला मोठ्या-लहान अक्षरांचा फरक मानला जात नाही. असेंब्लीत मोठ्या 'एस'ची आणि लहान 'एस'ची फाइल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तो मुद्दा पुढे येतोच.

मेक क्लीननेही फरक पडला नाही तर बिल्डची डिरेक्टरी पूर्ण काढून टाका. लिनक्स कर्नलमध्ये मेक एमआरप्रॉपर आहे, पण आधी डॉट-कॉन्फिग फाइल बाजूला ठेवा, कारण तो तीही पुसतो.

४. एकाच नावाच्या दोन ऑब्जेक्ट फाइली

बूट-डॉट-एस आणि बूट-डॉट-सी अशा दोन सोर्स फाइली आहेत, दोन्हींची ऑब्जेक्ट बूट-डॉट-ओ. जी नंतर बनते ती आधीचीवर लिहिली जाते. मग असेंब्लीतलं 'स्टार्ट' गायब होतं, आणि यादीत तीच फाइल दोनदा असली तर 'मल्टिपल डेफिनिशन' येतं, दोन्ही बाजूंना बूट-डॉट-ओ. हा एरर पाहून मुलं फंक्शनची नावं बदलत बसतात. बदलायचं असतं फाइलचं नाव.

'मल्टिपल डेफिनिशन'मध्ये दोन निरनिराळ्या फाइली दिसल्या आणि नाव एखाद्या ग्लोबल व्हेरिएबलचं असलं, तर हेडर उघडा. हेडरमध्ये 'एक्स्टर्न' न लिहिता व्हेरिएबल जाहीर केलं असणार. जीसीसी या कंपायलरच्या ९ व्या आवृत्तीपर्यंत अशा व्याख्या लिंकर गपचूप एकत्र करायचा. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून 'एफ-नो-कॉमन' हे डिफॉल्ट झालं आणि जुने प्रोजेक्ट अचानक मोडले. जुना फ्लॅग लावून वेळ मारून नेता येते, पण हेडरमध्ये 'एक्स्टर्न' आणि एकाच सी फाइलमध्ये व्याख्या हीच खरी दुरुस्ती.

५. यंत्राचा कंपायलर की क्रॉस-कंपायलर?

स्वतःचा कर्नल लिहिणाऱ्यांच्या तक्रारींत सर्वात जास्त वेळा हेच निघतं. 'जीसीसी -डम्पमशीन' चालवा. उत्तरात 'लिनक्स-ग्नू' आलं, तर तुम्ही लिनक्सवर चालणारे प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर वापरताय, आणि तो लिनक्सच्या सवयी तुमच्या कर्नलमध्ये न विचारता घालतो.

पहिली सवय स्टॅक प्रोटेक्टरची. उबंटूचा जीसीसी तो आपोआप चालू ठेवतो आणि बफर असलेल्या फंक्शनच्या शेवटी स्टॅक-चेक-फेलला बोलावणं घालतो. ते फंक्शन सी लायब्ररीत असतं, तुमच्या कर्नलमध्ये नसतं. सुरुवातीला 'एफ-नो-स्टॅक-प्रोटेक्टर' पुरतं. पुढे स्वतःचं लिहिलंत तर उत्तमच.

दुसरी पीआयईची. उबंटू १६.१० पासून ती डिफॉल्ट आहे. कंपायलर पत्ता ठरलेला नसलेला कोड बनवतो. कर्नल मात्र लिंक स्क्रिप्टने ठरवलेल्या पत्त्यावर, बऱ्याचदा १ एमबीवर, बसायचा असतो. त्यातून ग्लोबल-ऑफसेट-टेबलचा एरर येतो, किंवा असेंब्लीतल्या ३२ बिटांच्या पत्त्यावर लिंकर अडतो आणि 'रिकंपाइल विथ एफ-पीआयई' म्हणतो. या सल्ल्याच्या नेमकं उलट करायचं असतं: कंपाइलला 'एफ-नो-पीआयई', लिंकला 'नो-पीआयई'.

हे फ्लॅग लावून काम चालतं. तरी माझा आग्रह आय६८६-एल्फ किंवा एक्स८६-६४-एल्फ हा क्रॉस-कंपायलर, म्हणजे लिनक्ससाठी नव्हे तर थेट तुमच्या कर्नलसाठी कोड बनवणारा कंपायलर, एकदाच बांधून घेण्याचा. बांधायला वेळ लागतो, पण 'याच्या मशीनवर होतं, त्याच्या मशीनवर नाही' हा ग्रुप प्रोजेक्टमधला सगळा वाद त्याने मिटतो.

'आय३८६ आर्किटेक्चर ऑफ इनपुट फाइल इज इन्कम्पॅटिबल' आला तर एखादी फाइल ३२ बिटांची आणि बाकीच्या ६४ बिटांच्या आहेत. 'रीडएल्फ -एच' प्रत्येक डॉट-ओ फाइलवर चालवा. बहुतेक वेळा नॅझम या असेंबलरला एल्फ३२ आणि जीसीसीला एम६४ असं निघतं.

६. "सर, मेमसीपीवाय तर मी कुठं लिहिलंच नाही"

बरोबर आहे, ते कंपायलरने लिहिलंय. एक स्ट्रक्चर दुसऱ्यात टाकलं किंवा मोठा ॲरे शून्याने भरला, की जीसीसी त्याजागी मेमसीपीवाय किंवा मेमसेटला बोलावू शकतो. फ्रीस्टँडिंग (सी लायब्ररी नाही असं सांगणारा) फ्लॅग लावला तरीही मेमसीपीवाय, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमसीएमपी ही चार फंक्शनं तुम्ही पुरवायची, असं जीसीसी गृहीतच धरतो. ती आपल्या कर्नलमध्ये लिहा, प्रश्न संपला.

लिहिताना एक सांभाळा. मेमसेटमधला साधा लूप पाहून ऑप्टिमायझर तो 'मेमसेटच आहे की' असं ओळखतो आणि त्याजागी मेमसेटलाच बोलावणं घालू शकतो. लिंकर खूश होतो, पण फंक्शन स्वतःलाच बोलावत राहतं आणि कर्नल बूट होताच गोठतो. त्या फाइलला 'एफ-नो-ट्री-लूप-डिस्ट्रिब्यूट-पॅटर्न्स' लावा.

यूडिव्हडीआय३ची गोष्ट याच जातीची. ३२ बिटांच्या प्रोसेसरवर ६४ बिटांची संख्या भागली की कंपायलर हे मदतनीस फंक्शन वापरतो, आणि ते जीसीसीसोबत येणाऱ्या लिबजीसीसी लायब्ररीत असतं. स्वतःच्या कर्नलला लिबजीसीसी जोडा, पण कमांडच्या शेवटी. लिंकर लायब्ररी डावीकडून उजवीकडे एकदाच चाळतो आणि तोवर मागितलेलंच उचलतो. लायब्ररी आधी लिहिली तर तेव्हा कुणी काही मागितलेलं नसतं. लिनक्स कर्नलमध्ये मात्र हा उपाय करू नका. तिथं अशा भागाकारासाठी डू-डिव्ह आणि डिव्ह-यू६४ आहेत, एरर आला की त्यांच्याकडे वळा.

७. असेंब्ली फाइली

ग्नू असेंबलरला ओळखीचं नसलेलं प्रत्येक नाव तो 'दुसऱ्या फाइलमध्ये असेल' म्हणून सोडून देतो. असेंब्ली लिहिण्याच्या एटीअँडटी पद्धतीत ईएएक्स या रजिस्टरच्या आधीचं टक्केचिन्ह राहिलं, तर असेंबलर कुरकुर करत नाही, लिंकर म्हणतो 'अनडिफाइन्ड रेफरन्स टु ईएएक्स'. एररमध्ये रजिस्टरचं नाव दिसलं की हेच समजा.

आता मोठा आणि लहान 'एस'. मोठ्या 'एस'ची फाइल आधी प्रीप्रोसेसरमधून जाते, लहानची जात नाही. एक्स८६ असेंब्लीत हॅशचिन्ह म्हणजे टिप्पणी, म्हणून लहान 'एस'च्या फाइलमधल्या इन्क्लूड आणि डिफाइनच्या ओळी मुकाट्याने वगळल्या जातात. मग तुम्ही हेडरमध्ये नीट लिहिलेला स्थिरांक लिंकरला अनोळखी वाटतो. विंडोजवरून किंवा पेन ड्राइव्हवरून आलेल्या प्रोजेक्टमध्ये हे पाहाच.

८. एनएम: फाइलींनाच विचारा

इथवर उत्तर मिळालं नसेल तर सोर्स बंद करा. सिम्बॉल ज्या फाइलमध्ये असायला हवं तिच्यावर एनएम ही फाइलमधली नावं दाखवणारी कमांड चालवा. मोठा 'टी' म्हणजे फंक्शन आहे आणि बाहेर दिसतंय, लहान 'टी' म्हणजे ते स्टॅटिक आहे, 'यू' म्हणजे ही फाइल स्वतःच ते मागतेय. नाव लांबलचक आणि विचित्र दिसलं तर फाइल सी++ म्हणून कंपाइल झाली आहे आणि असेंब्लीतून बोलावलेल्या फंक्शनला 'एक्स्टर्न सी' हवं. नाव मुळीच नसेल तर बहुधा इफडेफने तो भाग वगळला आहे किंवा ती फाइल मेकफाइलच्या यादीतच नाही. लिंकरला '--ट्रेस-सिम्बॉल' देऊन नाव सांगितलं, की ते कुठल्या कुठल्या फाइलींत येतं हे तोच छापतो.

सी++ वापरणाऱ्यांसाठी एवढंच: 'अनडिफाइन्ड रेफरन्स टु व्हीटेबल' आला तर व्हीटेबल शोधू नका. त्या क्लासचं पहिलं इनलाइन नसलेलं व्हर्च्युअल फंक्शन जाहीर झालंय, पण लिहिलेलं नाही.

९. पत्ते आणि लिंक स्क्रिप्ट

'रिलोकेशन ट्रंकेटेड टु फिट' म्हणजे पत्ता त्याला दिलेल्या बिटांत मावत नाही. एक्स८६-६४ वर कंपायलर सगळं खालच्या २ जीबीत आहे असं धरतो. कर्नल वरच्या अर्ध्यात, अगदी माथ्याच्या २ जीबीत लिंक केला असेल तर 'एमसीमॉडेल=कर्नल' लागतं. हा फ्लॅग सगळ्या फाइलींना लावा, एक जरी जुनी डॉट-ओ फाइल राहिली तरी तोच एरर परत येतो. खालच्या पत्त्यावरच्या बूट कोडमधून वर थेट उडी घेता येत नाही. पूर्ण ६४ बिटांचा पत्ता रजिस्टरमध्ये घेऊन तिथून उडी घ्या. एमआयटीचा एक्सव्ही६ हा शिकवण्यासाठीचा कर्नल रिस्क-व्ही प्रोसेसरवर अभ्यासत असाल, तर त्याच्या मेकफाइलमधला 'एमसीमॉडेल=मेडएनी' याच कारणासाठी आहे, तो काढू नका.

लिंक झालं पण कर्नल सुरू करून देणारा ग्रब 'नो मल्टिबूट हेडर फाउंड' म्हणतो, तेव्हाही दोष लिंकच्या टप्प्यातच असू शकतो. मल्टिबूट १ चं हेडर फाइलच्या पहिल्या ८,१९२ बाइटांत हवं, मल्टिबूट २ चं ३२,७६८ मध्ये. त्याला कुणी नावाने बोलावत नाही, त्यामुळे 'जीसी-सेक्शन्स' चालू असेल तर लिंकर ते कचरा समजून टाकून देतो. लिंक स्क्रिप्टमध्ये ते 'कीप'मध्ये घाला आणि सर्वांत आधी ठेवा.

१०. लिनक्स कर्नल: काही एरर मुद्दाम ठेवलेले असतात

बोर्डचं काम करणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. व्हीएमलिनक्स, म्हणजे कर्नलची मुख्य फाइल, लिंक होताना 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आला, तर आधी कॉन्फिग पाहा. एक ड्रायव्हर 'वाय' म्हणजे कर्नलच्या पोटात, आणि त्याला लागणारा दुसरा 'एम' म्हणजे मॉड्यूल, असं झालं की पोटातल्या कोडला मॉड्यूलमधलं फंक्शन सापडूच शकत नाही. कोड अचूक असतो, चूक अवलंबनाची असते. मॉड्यूल तपासणाऱ्या मोडपोस्टकडून 'अनडिफाइन्ड' आला तर ते फंक्शन एक्सपोर्ट केलेलं आहे का, आणि मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बांधताय त्याचीच मॉड्यूल-डॉट-सिमव्हर्स फाइल वापरताय का, ते बघा.

आणि 'बॅड-यूडिले' सारखं नाव दिसलं तर ते फंक्शन शोधू नका, ते कुणी लिहिलेलंच नाही. मायक्रोसेकंदांत थांबवणाऱ्या यूडिलेला फार मोठा स्थिर आकडा दिला, तर त्याला बोलावणं जावं आणि बिल्ड मोडावा अशी ती रचना आहे. एक्स८६ वर मर्यादा २०,००० मायक्रोसेकंद आहे. त्यापुढे एमडिले किंवा एमस्लीप वापरा. अशा तपासण्या ऑप्टिमायझर नको असलेली फांदी छाटेल यावर विसंबलेल्या असतात. म्हणून लिनक्स कर्नल ओ-शून्यवर, म्हणजे ऑप्टिमायझर बंद ठेवून, बांधायचा हट्ट धरला की लिंकर नसलेल्या फंक्शनांची यादी वाचू लागतो.

इथं थांबा आणि जाणत्याला बोलवा

दर वेळी एरर वेगळ्या फाइलवर येतो, मधूनच कंपायलर 'इंटर्नल एरर' किंवा सेगमेंटेशन फॉल्ट देतो आणि तीच कमांड पुन्हा दिली की पुढे जातो? मग रॅमचा संशय घ्या. मेमटेस्ट रात्रभर चालवा. त्यात चूक निघाली तर मशीन हार्डवेअरवाल्याकडे न्या. सुटं रॅम लावून बघितल्याशिवाय कोडवर आणखी वेळ घालवू नका.

'--अनरिझॉल्व्ह्ड-सिम्बॉल्स=इग्नोर-ऑल' किंवा '--अलाउ-मल्टिपल-डेफिनिशन' लावायचा मोह झाला, तर हात तिथंच आवरा. पहिल्याने न सापडलेल्या फंक्शनचा पत्ता शून्य होतो, दुसऱ्याने दोनांतली जी व्याख्या आधी आली ती बसते. प्रोजेक्टच्या क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये कर्नल कोसळेल, एवढंच. पण हाच कर्नल प्रेसच्या किंवा लेथच्या कंट्रोलरवर जाणार असेल, तर समोर माणसाचा हात असतो. अशा मशीनचा बिल्ड वरच्या तपासण्यांनी सुटला नाही, तर बोर्ड पुरवणाऱ्याच्या सपोर्ट इंजिनिअरला बोलवा, आणि तोवर जुनी, चाललेली इमेजच मशीनवर ठेवा.

त्याच्याकडे किंवा तुमच्या गाइडकडे जाताना पाच गोष्टी सोबत न्या: जीसीसी आणि बिनयुटिल्सची आवृत्ती, लिंकरला गेलेली पूर्ण कमांड, पहिला एरर जसाच्या तसा, संबंधित डॉट-ओ फाइलींचं एनएमचं आउटपुट आणि लिंक स्क्रिप्ट. लिनक्स असेल तर डॉट-कॉन्फिगही. पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका, त्यातून नावं शोधता किंवा कॉपी करता येत नाहीत.